कोरड्या तळ्याच्या आठ फळ्या

पावसाळी पाण्याच्या आमच्या विभागात त्यांना सगळे पाणकोंबडा म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. उंच, काटकुळा माणूस. पायात कायम गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. कचेरीच्या कोरड्या फरशीवरसुद्धा प्रत्येक पाऊल चिखलातून उपसून काढल्यासारखं टाकायचे. मी त्यांना काका म्हणायचे. मी त्याच कचेरीत नकाशे काढत होते. त्यांची गोष्ट सांगायचा मला कितपत अधिकार आहे ते ठाऊक नाही, पण तिच्यातला एक तुकडा माझ्या हातचा आहे, म्हणून सांगते.

त्यांच्या ताब्यात तीन तळी होती. पिण्याच्या पाण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. छपरांवरून, रस्त्यांवरून, गाड्यांच्या तळांवरून वाहून येणारं पावसाचं पाणी अडवायचं, निवळायचं आणि मग सावकाश पुढे सोडायचं, एवढ्यासाठी ती बांधलेली होती. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात साहेबांनी मला काकांबरोबर पाठवलं. म्हणाले, "जे कागदावर काढायचंय ते आधी डोळ्यांनी बघून या."

सगळ्यात वर होतं ते बारमाही भरलेलं तळं. पाणी आत शिरतं तिथे दगडी बांध घालून एक छोटं डबकं वेगळं काढलेलं होतं. वाळू, खडी, बाटल्या, काय असेल ते जड सामान त्या डबक्यात बसायचं आणि दर दोन-तीन वर्षांनी काका ते उपसून घ्यायचे. पुढे मोठ्या पाण्यात बारीक गाळ तळाशी जायचा. "नवीन पाणी आलं की ते जुन्याला पुढे ढकलतं," काकांनी सांगितलं, "आणि स्वतः पुढच्या पावसापर्यंत इथे बसतं. दवाखान्याच्या बाकावर सरकत जातात ना माणसं, तसं."

दुसरं मुरतं तळं. त्याला बाहेर जायची वाटच नव्हती. तळाशी वाळू, वाळूखाली खडी, आणि पाणी सगळं जमिनीत. त्यात मी पाय टाकणार तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला. "तुडवू नका, ताई. जमीन दबली की पाणी पीत नाही." तीन दिवसांवर पाणी साचून राहिलं तर हे तळं आजारी आहे असं समजायचं आणि वरची गाळाची साय खरवडून काढायची, हे मला तिथेच कळलं.

तिसरं कोरडं तळं. फुटबॉलच्या मैदानाएवढा, दहा फूट खोल, गवताळ खड्डा. एका टोकाला काँक्रीटचा मनोरा, त्याला पुढच्या बाजूने उभट तोंड, आणि त्या तोंडाच्या तळाशी लोखंडी पत्रा. पत्र्याला नारळाएवढं भोक.

"एवढंच भोक?" मी विचारलं.

"मोठं ठेवलं तर आलेलं पाणी तसंच खाली जाईल. मग तळं कशाला बांधायचं? एवढ्याशातून ते दीड दिवस जात राहतं. खालच्या गटाराला जेवढं झेपेल तेवढंच."

"आणि पाऊस नसतो तेव्हा?"

"तेव्हा हे रिकामं बसतं. लोकांना वाटतं, सरकारी जागा फुकट पडलीय. पण रिकामं बसायचं, हीच त्याची नोकरी आहे."

त्या तळ्याच्या बांधाखालीच खालची गल्ली होती. दुमजली, तीनमजली जुनी घरं, आणि प्रत्येक घराला रस्त्याच्या पातळीखाली एक खोली. त्यातल्या एका घरात काकांची बहीण राहायची.

आईवडील लवकर गेले तेव्हा काका एकोणीस वर्षांचे होते आणि बहीण अकराची. त्यांनी तिला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं आणि या सगळ्यात त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. तिचा नवरा पुस्तकं बांधायचा. त्याला सगळी गल्ली बाइंडर म्हणायची, काकाही तेच म्हणायचे. घराच्या पुढून पाच पायऱ्या उतरून त्याचा कारखाना होता. खळीचं भांडं, कापायचं यंत्र, दोन लोखंडी दाबयंत्रं आणि छतापर्यंत शाळा-कचेऱ्यांची उसवलेली पुस्तकं. त्या नवराबायकोला मूल नव्हतं. काका रोज दुपारी तिथे जेवायला जायचे. मीही दोन-तीनदा गेले आहे. बाइंडर अखंड बोलायचा आणि काका मान खाली घालून जेवायचे.

"गाळात गेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली," बाइंडर मला म्हणाला होता. "पण गाळात जाऊन पगार घेणारे आमचे दादा एकटेच."

काका हसले नाहीत, पण बहिणीने त्यांच्या ताटात न विचारता आणखी वाढलं. ते घर असं होतं.

कोरड्या तळ्याच्या वरच्या अंगाला नव्या इमारती झाल्या आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं. त्या घरांच्या गच्च्या तळ्याकडे तोंड करून होत्या. पाऊस झाला की दोन दिवस गढूळ पाणी, मग चार दिवस चिखल, मग गवत, असं ते दृश्य. रहिवाशांनी अर्ज केले. तळं आहे तर त्यात पाणी का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. वरून दबाव आला आणि साहेबांनी तोड काढली. मनोऱ्याच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी खाचा पाडायच्या आणि त्यात एकावर एक आठ फळ्या सरकवायच्या. सहा फूट पाणी कायम राहील. कडेने बाकं, फिरायला वाट.

काका साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले. मी शेजारच्या टेबलावर होते.

"साहेब, याच्यात पाणी ठेवलं तर पाऊस कुठे ठेवायचा?"

"वरच्या तळ्यात नाही का कायम पाणी? ते चालतंच ना?"

"ते तसं बांधलंय. त्याच्या पाण्यावर नऊ फूट रिकामं पोट आहे. याच्या सांडव्याला नऊ फूट. सहा आपण भरले तर राहिले तीन."

"एक-दोन मोसमांचा प्रश्न आहे. मग बांध उंच करू."

काका आणखी काही बोलले, पण पालथ्या घड्यावर पाणी. नकाशा मला काढायला सांगितला गेला. त्यात आणखी एक गोष्ट होती. बाकांकडे जायला पायऱ्या नकोत, उतार हवा, म्हणून खालच्या गल्लीच्या बाजूला बांधाचा माथा एका जागी सव्वा फूट खाली घ्यायचा होता. मी तो आकडा लिहिला. काकांनी नकाशा पाहिला आणि त्या जागेवर बोट ठेवलं.

"ताई, इथे बांध सांडव्याच्याही खाली गेलाय. पाणी सांडव्याने जायच्या आधी इथून जाईल."

मी बेरीज-वजाबाकी करून पाहिली. तीन इंचांनी खाली होता. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पावसाळ्यात तिथे वाळूच्या गोण्या रचू. मी नकाशावर तळाशी सही केली. तो माझा तुकडा.

फळ्या काकांनीच घातल्या. दुसरं कोण घालणार. तळं भरलं, कुठूनशी बदकं आली, मासे सोडले गेले, संध्याकाळी माणसं फिरू लागली. बाइंडरसुद्धा बायकोला घेऊन बाकावर जाऊन बसायचा.

पहिल्या वर्षी मोठ्या पावसाचा इशारा आला. काकांनी कोणाला न विचारता सकाळपासून, पाणी उतरेल तशा, एकेक करून आठही फळ्या काढल्या. दीड दिवसात तळं रिकामं झालं, आणि पाऊस चार थेंब पडून निघून गेला. तळाशी शेकडो मासे तडफडून मेले. घाण सुटली. रहिवाशांनी फोटो काढले, मोर्चाने कचेरीत आले. काकांना आठ दिवस घरी बसवलं आणि लेखी ताकीद मिळाली, की यापुढे परवानगीवाचून फळीला हात लावायचा नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीतली ती पहिली ताकीद. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. कचेरीत कोणीतरी म्हणालं, पाणकोंबड्याने बदकांशी वैर घेतलं. सगळे हसले. मीही हसले.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर काका मनोऱ्याच्या कठड्याला तेल लावायचं झालं तरी विचारू लागले.

दुसऱ्या वर्षी तो पाऊस आला. आदल्या दुपारी लागला तो थांबलाच नाही. सकाळी मी कचेरीत पोचले तेव्हा माझ्या चपला हातात होत्या. आठ-वीसला तळ्यावरच्या खोपटातून काकांचा फोन आला.

"वरचं तळं काठोकाठ आहे. मुरतं तळं तर कालच भरलं, जमीन आता घोटभरही घेत नाही. सगळं माझ्याकडे येणार. साहेबांना विचारा, फळ्या काढू का?"

साहेब मुख्यालयात बैठकीला निघाले होते आणि त्यांचा फोन बंद होता. मी मुख्यालयातल्या कारकुनाला निरोप दिला. नऊ वाजता काकांचा पुन्हा फोन. पुन्हा निरोप. गोण्यांचं विचारलं तर भांडारपाल म्हणाला, यंदा मागवल्याच नाहीत, कोणी मागितल्याच नाहीत. नऊ-चाळीसला तिसरा फोन आला तेव्हा मागे पावसाचा आवाज एवढा होता, की काका ओरडून बोलत होते.

मी म्हणाले, "काका, काढून टाका ना."

काका म्हणाले, "तुम्ही लिहून देता?"

"मी कशी लिहून देणार, काका?"

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

साडेअकराला साहेबांचा फोन आला. "हो, हो, काढायला सांगा. त्यात विचारायचं काय?"

मी लगेच खोपटात कळवलं. पण फळ्या दहा वाजता निघतात तशा साडेअकराला निघत नाहीत. पाणी जसं चढतं तसं ते फळीला मागून खाचेत दाबतं. आता फळ्यांच्या वर दीड-दोन फूट पाणी होतं. काकांनी कमरेला दोर बांधला, दोर कठड्याला बांधला आणि पहार घेऊन मनोऱ्याच्या तोंडाशी उतरले. वरची फळी निघाली. दुसरी मधोमध मोडली. तिसरीने जागाच सोडली नाही. अर्धा तास ते तिच्याशी झुंजत होते. सव्वाबाराला वर येऊन त्यांनी बहिणीला फोन केला.

"वर जा. शेजारणीकडे, दुसऱ्या मजल्यावर. दोघंही जा. आत्ता."

बहीण गेली. बाइंडरही गेला. पण कारखान्यात एका शाळेची हजेरीपुस्तकं होती, नुकती बांधून झालेली, जमिनीवरच रचलेली. त्याने विचार केला असणार, की ती मांडणीवर चढवून ठेवू, दहा मिनिटांचं काम. तो खाली उतरला, आणि एकच्या सुमारास पाणी बांधाच्या त्या खालच्या जागेवरून आलं. बांध फुटला नाही. फुटायची गरजच नव्हती. मी नकाशात ठेवलेल्या वाटेने, बाकांच्या मधून, ते गल्लीत उतरलं.

काकांनी मनोऱ्यावरून ते पाहिलं. दोर सोडला आणि बांधाच्या उतारावरून घसरत गल्लीत आले. पाणी कमरेला होतं. शेजारणीच्या खिडकीत बहीण उभी होती. ती ओरडत नव्हती, नुसती हाताने खाली दाखवत होती. पाच पायऱ्यांचा खड्डा भरून गेला होता. कारखान्याचं दार बाहेर उघडायचं. बाहेरच्या पाण्याने ते चौकटीत दाबून धरलं होतं, अगदी त्या फळ्यांसारखं. काकांनी बुडी मारून कडी धरली, पाय भिंतीला लावून ओढलं. पहार मनोऱ्यावर राहिली होती. आतून दोनदा ठोकल्याचं ऐकू आलं, असं त्यांनी नंतर चौकशीत सांगितलं. तिसऱ्यांदा आलं नाही.

चार वाजता पंप लागला, सहाला दार उघडलं. बाइंडर यंत्राच्या टेबलावर होता. वर चढून छताखालच्या झरोक्याशी तोंड नेलं होतं त्याने. झरोक्याला गज होते.

चौकशी तीन महिन्यांनी झाली. गल्लीतल्या एकतीस घरांत पाणी शिरलं होतं, पण माणूस एकच गेला होता, त्यामुळे ती फार लांबली नाही. साहेबांनी लिहून दिलं, की फळ्यांची देखभाल नीट नव्हती, त्या फुगून अडकल्या. चौकशी अधिकाऱ्याने काकांना विचारलं, "फळ्या का अडकल्या?"

"पाण्याच्या दाबाने."

"आधी का काढल्या नाहीत?"

खिशात ताकीद होती. मला माहीत होतं, कारण कचेरीच्या पायरीवर त्यांनी ती मला दाखवली होती. मला वाटलं, आता काढतील. त्यांनी काढली नाही. म्हणाले, "सकाळी आठलाच काढायला हव्या होत्या. मी काढल्या नाहीत."

माझी पाळी आली तेव्हा मी तिन्ही फोनांच्या वेळा सांगितल्या, ताकिदीचं सांगितलं, बांधाच्या तीन इंचांचंही सांगितलं. काकांना "मी कशी लिहून देणार" म्हणाले होते, तेवढं मात्र सांगितलं नाही. ते कोणी विचारलंही नाही. साहेबांची बदली झाली, तीही चांगल्या ठिकाणी. काकांना दोष लागला नाही. फळ्या कायमच्या काढल्या, बांधाचा माथा भरून घेतला. तळं पुन्हा कोरडं झालं आणि वर्षभरात रहिवाशांचे अर्ज पुन्हा सुरू झाले.

खरी चौकशी घरात झाली. काकांनी ती मला एकदाच सांगितली, वरच्या तळ्याच्या काठावर, गाळ मोजायची काठी हातात धरून.

बाइंडर गेल्यावर महिनाभर बहीण काही बोलली नव्हती. काका रोज दुपारी जायचे, ती वाढायची, ते जेवायचे. एक दिवस ती समोर बसली.

"सकाळी तुला कळलं होतं ना, दादा?"

"कळलं होतं."

"मग?"

"परवानगी नव्हती."

ती म्हणाली, "मागच्या वर्षी कुठे होती?"

मासे मेले ते चाललं असतं, आठ दिवस घरी बसवलं तेही चाललं असतं, पण कचेरीतलं ते हसणं, आणि आपण चुकलो असं स्वतःलाच वाटू लागणं, हे बहिणीला कसं सांगायचं? त्यांनी ताट उचलून मोरीत नेलं, धुतलं आणि तळ्यावर परत गेले. दुसऱ्या दिवशी जेवायला गेले नाहीत. तिनेही बोलावलं नाही. पुढच्या महिन्यात ती घर सोडून नवऱ्याच्या गावी, नणंदेजवळ गेली. जाताना बाइंडरची दोन्ही दाबयंत्रं भंगारात दिली. काकांनी ती गाडीत चढवायला हात लावला, असं गल्लीतले सांगतात.

त्यानंतर काकांनी तीन वर्षं नोकरी केली. काम पूर्वीसारखंच चोख. फक्त पाऊस लागला की घरी जात नसत. कोरड्या तळ्याच्या मनोऱ्याशी उभे राहायचे, जिथे आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते भोक आपलं आपण पाणी सोडत होतं. एकदा मी छत्री घेऊन गेले. "काका, चला, इथे काही अडत नाहीये." ते म्हणाले, "दिसतंय मला." पण हलले नाहीत.

निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीत चहा झाला. नव्या साहेबांनी चार शब्द बोलायला सांगितलं. काका उभे राहिले आणि म्हणाले, "मुरत्या तळ्याची वरची साय यंदा काढायची राहिलीय." आणि बसले. यावेळी कोणी हसलं नाही.

नंतर दीड वर्षाने बहिणीचं मनगट मोडलं. नणंद तोवर वारली होती. तिने कोणाकडून तरी लिहून घेऊन काकांना दोन ओळींचं पत्र पाठवलं: हात मोडलाय, येता आलं तर ये. ते गेले ते तिथेच राहिले. मनगट जुळलं तरी तिने जा म्हटलं नाही आणि तेही निघाले नाहीत. तिच्याकडून मी फोनवर पत्ता घेतला आणि एकदा भेटायला गेले. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. काका बाहेर भाजी आणायला गेले होते. तिने मला चहा दिला. मी तिला सांगितलं, की बांधाचा तो नकाशा मी काढला होता, आणि त्या सकाळी फोनवर मी होते. हे सांगायलाच मी गेले होते.

ती म्हणाली, "दादाने सांगितलंय."

"काय सांगितलं?"

"की तुम्ही काढून टाका म्हणालात. तेवढंच."

लिहून देण्याचं त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही लिहून दिलं नाही, त्याने काढल्या नाहीत. मी सुद्धा ह्यांना जिन्यावर अडवलं नाही. म्हटलं, दहा मिनिटांत येतील."

तेवढ्यात काका आले. केस पूर्ण पांढरे, पायात साध्या चपला. मला पाहून त्यांना आनंद झाला असावा. वरच्या तळ्यातलं डबकं उपसलं का, लव्हाळी छाटली का, असं एकेक विचारत राहिले. बहिणीने तिघांची पानं घेतली. ती त्यांना न विचारता वाढत नव्हती. "हवंय?" असं प्रत्येक वेळी विचारायची आणि ते "नको" म्हणायचे.

दोन वर्षांनी काका गेले, छातीत कफ होऊन. बहिणीने पत्राने कळवलं, पण पत्र मला पोचेपर्यंत आठवडा उलटला होता.